पाव वॅट कार्बन फिल्म रेझिस्टरचा सहाशे नगांचा संच : पट्टे वाचणाऱ्याच्या नजरेतून

इलेक्ट्रॉनिक्स शिकू पाहणाऱ्याची पहिली खरेदी कोणती असावी, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले असते : आधी एक बरा मल्टीमीटर (रोध, व्होल्ट आणि धारा मोजणारे उपकरण) आणि त्याच्यासोबत रेझिस्टरचा एक तयार संच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जाणे ज्यांना शक्य आहे, त्यांना सुटे रेझिस्टर मिळतातच. परंतु तालुक्याच्या गावातील कनिष्ठ महाविद्यालयात किंवा घरच्या टेबलावर काम करणाऱ्याला प्रत्येक मूल्यासाठी दुकान गाठणे परवडत नाही. अशांसाठी ऑनलाइन बाजारात तीस मूल्ये आणि प्रत्येकी वीस नग, म्हणजे एकूण सहाशे रेझिस्टर असलेला एक संच फार खपतो. वेगवेगळे विक्रेते तो जवळजवळ सारख्याच रूपात विकतात. आमच्या प्रयोगशाळेसाठी मी जो मागवला त्याच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव नव्हते. केवळ ‘कार्बन फिल्म, पाव वॅट, पाच टक्के’ एवढेच छापलेले होते. या लेखात त्याच संचाचे परीक्षण आहे आणि ते करताना कार्बन रेझिस्टर आतून कसा असतो व त्याचे मूल्य कसे वाचतात, हेही ओघाने सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय संच चांगला की वाईट हे ठरवता येत नाही.

माझे मत आधीच सांगते. विजेच्या कसोटीला हा संच दिलेल्या शब्दाहून सरस उतरतो. रंगांच्या कसोटीला तो कमी पडतो. आणि त्यातील मूल्यांची निवड विचार करून केलेली दिसत नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने या तिन्हींत रंगांचा दोष सर्वांत गंभीर आहे.

रेझिस्टरचे काम विद्युतधारेला ठरावीक प्रमाणात अडवण्याचे असते. १८२७ साली जॉर्ज ओहम यांनी मांडलेल्या नियमानुसार धारा ही विभवांतराला रोधाने भागून मिळते, हे शाळेतच शिकवले जाते. मात्र हा रोध इतक्या लहान आकारात निर्माण कसा करायचा, हा प्रश्न तितकासा चर्चिला जात नाही. ०.१ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली तर तिच्या एका मीटरचा रोध जेमतेम दोन ओहम भरतो. म्हणजे एक किलोओहम रोध मिळवायचा तर सुमारे ४७० मीटर तार गुंडाळावी लागेल. कार्बनची रोधकता तांब्याच्या हजारपटीहून अधिक असते आणि त्याचा थर अत्यंत पातळ देता येतो, म्हणून तेच काम तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीवर होते.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत तपकिरी, गुळगुळीत नळीसारखे जे रेझिस्टर दिसतात ते कार्बन कॉम्पोझिशन प्रकारचे असतात. कार्बनची पूड, चिनीमातीसारखे अवाहक भरण आणि राळ यांचे मिश्रण साच्यात दाबून ते तयार करत. पूड जास्त घातली की रोध कमी आणि भरण जास्त घातले की रोध अधिक, असा तो हिशेब होता. दमट हवेत ते ओलावा शोषतात आणि वर्षे जातील तसा त्यांचा रोध वाढत जातो. त्यामुळे जुना रेडिओ दुरुस्त करणारा माणूस मूल्य सांगणाऱ्या रंगीत पट्ट्यांवर विसंबून राहत नाही, एक पाय, म्हणजे टोकाची तार, मोकळी करून मीटर लावतो. क्षणभर येणारा जोराचा झटका पचवण्याची त्यांची क्षमता मात्र चांगली असते, कारण उष्णता साऱ्या घन भागात पसरते. म्हणूनच काही खास कामांसाठी ते अजूनही वापरले जातात.

या संचातील रेझिस्टर कार्बन फिल्म प्रकारचे आहेत. सिरॅमिकच्या बारीक कांडीवर हायड्रोकार्बन वायूचे उच्च तापमानाला विघटन करून कार्बनचा पातळ थर बसवतात, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या दाबून बसवतात, टोप्यांना पाय जोडतात आणि मग त्या थरात मळसूत्री खाच कापतात. ही खाच पाहण्यासाठी मी संचातील १०० ओहमचा एक आणि १०० किलोओहमचा एक असे दोन रेझिस्टर ब्लेडने हळूहळू खरवडले. फिकट पिवळसर लेप निघाल्यावर खाली काळा, किंचित चकाकणारा थर दिसला आणि त्यात स्क्रूच्या आट्यांसारखी फिरत गेलेली पांढरी रेघ. १०० ओहमच्या कांडीवर आटे मोजकेच आणि लांब लांब होते, तर १०० किलोओहमच्या कांडीवर ते इतके दाट होते की भिंगाशिवाय सुटे दिसेनात. धारेला एका टोपीपासून दुसरीपर्यंत सरळ जाता येत नाही; तिला त्या अरुंद काळ्या पट्टीवरून कांडीभोवती फिरत जावे लागते. वाट लांब झाली आणि अरुंदही झाली, म्हणून रोध वाढला. विद्यार्थ्यांना ‘लांबीच्या सम आणि क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात’ हे वाक्य पाठ असते, परंतु ते वाक्य डोळ्यांनी पाहण्याची संधी एक-दोन रुपयांच्या वस्तूत मिळते, याचे मला फार अप्रूप वाटते. प्रत्येक शिक्षकाने निदान एक रेझिस्टर वर्गात खरवडून दाखवावा.

खाच कापणारे यंत्र कापता कापताच रोध मोजत असते आणि हवे ते मूल्य आले की थांबते. त्यानंतर लेप, भट्टी आणि रंगाचे पट्टे. या क्रमाचा परिणाम संचात स्पष्ट दिसतो. ४.७ किलोओहमचे, एकाच कागदी पट्टीला चिकटवलेले सर्व नग मी मोजले, तेव्हा ते ४.६२ ते ४.६७ किलोओहम यांच्या दरम्यान निघाले. पाच टक्के टॉलरन्सप्रमाणे, म्हणजे छापील मूल्याहून तेवढे कमी-जास्त असण्याच्या मुभेप्रमाणे, ४.४६५ पासून ४.९३५ पर्यंत कोणतेही मूल्य चालले असते. प्रत्यक्षात सगळे नग छापील मूल्याहून थोडे कमी, पण एकमेकांच्या अगदी जवळ होते. १० किलोओहमच्या पट्टीतही तोच कल दिसला : सगळे ९.८ ते ९.९ च्या आसपास. एकाच वेळी, एकाच यंत्रावर कापलेल्या नगांत असे होणे स्वाभाविक आहे. यातून एक उपयुक्त गोष्ट हाती येते. जिथे दोन समान रोधांचे गुणोत्तर महत्त्वाचे असते, उदाहरणार्थ विभवांतर निम्मे करायचे असते, तिथे एकाच पट्टीतील शेजारचे दोन नग वापरले तर पाच टक्क्यांच्या मालातूनही एक टक्क्याच्या आतले काम होऊन जाते.

विजेच्या बाजूने मला तक्रार करण्याजोगे काही सापडले नाही. तीसही पाकिटांतून काढलेले नमुने आपापल्या पट्ट्यांनी सांगितलेल्या मूल्याच्या पाच टक्क्यांच्या आत होते आणि बहुतेक अडीच टक्क्यांच्या आत. मोजताना दोन पथ्ये पाळावी लागतात. दहा-वीस ओहमसारखे लहान मूल्य मोजताना मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध, जो सहसा काही दशांश ओहम असतो, तो वजा करावा. एक मेगाओहमसारखे मोठे मूल्य मोजताना दोन्ही पाय बोटांनी धरू नयेत, कारण शरीराचा रोध समांतर जोडला जाऊन आकडा बराच खाली येतो. ‘मॅडम, हा एक मेगचा नाहीच, सातशेचाच दाखवतोय,’ अशी तक्रार दर वर्षी कोणी ना कोणी घेऊन येतो आणि त्याचे दोन्ही अंगठे पायांवर असतात.

पाव वॅटचा, म्हणजे तेवढी उष्णता सोसण्याचा, दावाही खरा आहे. सध्या बाजारात पाव वॅट म्हणून तीन-साडेतीन मिलिमीटर लांबीचे छोटे नगही विकले जातात. या संचातील नगांची लांबी सहा मिलिमीटरच्या थोडी वर आणि जाडी सव्वादोन मिलिमीटरच्या जवळपास आहे, म्हणजे पाव वॅटचा रूढ आकार. १०० ओहमच्या रेझिस्टरला ५ व्होल्ट दिले की ५० मिलिअँपिअर धारा वाहते आणि बरोबर पाव वॅट उष्णता निर्माण होते. काही मिनिटांत तो बोट ठेवता येणार नाही इतका तापला, पण रंग बदलला नाही. तोच १२ व्होल्टवर लावला तर १.४४ वॅट, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ सहापट होतात, आणि मग लेप करपून धूर निघतो. हे प्रात्यक्षिक मोकळ्या हवेत, लांबून आणि थोडाच वेळ करावे. पाव वॅट हा आकडा सामान्यतः ७० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत लागू असतो आणि त्यापुढे तो कमी होत १५५ अंशांना शून्यावर येतो; बंद डब्यात बसवायच्या सर्किटमध्ये म्हणूनच मर्यादेच्या निम्म्यावर थांबण्याचा प्रघात आहे. मोठ्या मूल्यांना वॅटपेक्षा व्होल्टची मर्यादा आधी लागते. या आकाराच्या रेझिस्टरसाठी ती बहुधा २५० व्होल्ट असते. त्यामुळे पाव वॅटच्या हिशेबाने एक मेगाओहमला ५०० व्होल्ट चालावेत असे उत्तर आले, तरी ते ग्राह्य धरू नये.

तापमानाचा आणखी एक परिणाम या संचातून फार सुरेख दाखवता येतो. १० किलोओहमचा एक नग मीटरला जोडून त्याच्याजवळ तापलेली सोल्डरिंग गन नेली, तर आकडा ९.८६ वरून सावकाश उतरत ९.७ च्या खाली गेला आणि गन दूर नेल्यावर पुन्हा चढला. धातूच्या तारेत तापमानाबरोबर रोध वाढतो. कार्बनच्या थरात उलट घडते, कारण उष्णतेमुळे धारा वाहून नेणारे कण अधिक संख्येने मोकळे होतात. दर अंशाला हा फरक दशलक्षात काहीशे भाग इतका असतो. कार्बनऐवजी धातूचा थर असलेल्या मेटल फिल्म रेझिस्टरमध्ये तो शंभर किंवा पन्नास भागांवर आणलेला असतो. म्हणून अचूक मापनाच्या सर्किटमध्ये आणि मायक्रोफोनच्या प्रीॲम्प्लिफायरमध्ये, जिथे कार्बनची खरखरही ऐकू येते, तिथे मेटल फिल्मच वापरावेत. एलईडी, स्विच, ट्रान्झिस्टरचा बेस, साधा टायमर अशा कामांना कार्बन फिल्म पुरून उरतो.

आता मुख्य मुद्दा : रंगांचे पट्टे. चार पट्ट्यांच्या पद्धतीत पहिले दोन पट्टे अंक सांगतात, तिसरा पट्टा त्या अंकांपुढे किती शून्ये द्यायची ते सांगतो आणि चौथा टॉलरन्स. काळा ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८ आणि पांढरा ९. हा क्रम लक्षात ठेवण्यासाठी बी. बी. रॉय आणि त्यांच्या पत्नीचे, रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवर रचलेले वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले जाते, पण मराठी शाळेत शिकलेल्याला त्याची गरजच नाही. इंद्रधनुष्याचे ‘तानापिहिनिपाजा’ ज्याला येते त्याला मधले सगळे अंक येतात : त्यातला पारवा वगळायचा, तांबड्याला २ म्हणायचे आणि जांभळ्याला ७ वर थांबायचे. अंधाराकडून सुरुवात म्हणून आधी काळा आणि तपकिरी, उजेडाकडे शेवट म्हणून नंतर राखाडी आणि पांढरा. सोनेरी पट्टा चौथा असेल तर पाच टक्के, चंदेरी असेल तर दहा टक्के, आणि चौथा पट्टाच नसेल तर वीस टक्के. सोनेरी तिसऱ्या जागी आला तर दहाने भागायचे आणि चंदेरी आला तर शंभराने.

पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी : ४, ७ आणि पुढे दोन शून्ये, म्हणजे ४७०० ओहम, पाच टक्के. सर्किटच्या आराखड्यात हेच मूल्य ‘४के७’ असे लिहिलेले आढळते. दशांशचिन्हाच्या जागी अक्षर घालण्याचे कारण असे की छापताना किंवा छायाप्रत काढताना टिंब सहज पुसले जाते आणि ४.७ चे ४७ होतात. तपकिरी, काळा, काळा, सोनेरी म्हणजे १० ओहम; इथे तिसऱ्या काळ्याचा अर्थ एकही शून्य द्यायचे नाही असा आहे, आणि नवशिके बहुधा इथेच १०० वाचतात. वाचायला सुरुवात कोणत्या टोकाकडून करायची, हा प्रश्न चार पट्ट्यांत सोपा आहे, कारण सोनेरी पट्टा कधीच पहिला नसतो. तो उजव्या हाताला धरला की काम झाले. पाच पट्ट्यांच्या मेटल फिल्ममध्ये तसे नाही. तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी हा एक टक्क्याचा एक किलोओहम झाला. तोच उलटा धरला तर तपकिरी, तपकिरी, काळा, काळा, तपकिरी असा ११० ओहम होतो आणि ११० हेही बाजारात मिळणारे खरे मूल्य आहे. शिकण्याची सुरुवात चार पट्ट्यांच्या कार्बन फिल्मने करावी, असे मी आग्रहाने म्हणते ते यासाठीच.

या संचाचे दुर्दैव असे की वाचायला सोपी असलेली ही पद्धत त्यातील रंगांनी अवघड करून ठेवली आहे. तांबडा पट्टा विटकरीकडे झुकलेला आहे आणि नारिंगी पट्टा पिवळसर लेपावर काहीसा गडद उतरला आहे, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दोन्हींत फरक करता येत नाही. तपकिरीचेही काही पाकिटांत तसेच आहे. आता हे तिन्ही रंग सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मूल्यांत येतात : तपकिरी-काळा-तांबडा म्हणजे १ किलोओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम, तांबडा-तांबडा-तपकिरी म्हणजे २२० ओहम आणि नारिंगी-नारिंगी-तपकिरी म्हणजे ३३० ओहम. तिसऱ्या पट्ट्यात एक पायरी चुकली तर मूल्य दहापटीने चुकते. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली बसून हे नग निवडणे मला अशक्यप्राय वाटले. मोबाइलच्या पांढऱ्या टॉर्चखाली किंवा दिवसाच्या उजेडात ते जमते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करून पाहणे हाही चांगला उपाय आहे. लाल-हिरव्या रंगांतील फरक ज्यांना दिसत नाही, अशा विद्यार्थ्यांना तर या रंगसंगतीवर सोडूच नये. त्यांच्या हाती मीटर द्यावा आणि त्यात काही कमीपणा आहे असे कोणाला वाटू देऊ नये.

या दोषाचा पुरावा संचानेच दिला. ‘२के’ असे लेबल लावलेल्या पाकिटात २० किलोओहमचे नग निघाले. पट्टे होते तांबडा, काळा, नारिंगी. हवे होते तांबडा, काळा, तांबडा. पाकिटे भरणाऱ्यालाही बहुधा याच दोन रंगांनी चकवले असावे. विक्रेत्याला कळवल्यावर बदली पाकीट आले, हे नमूद करायला हवे. परंतु लेबल पाहून रेझिस्टर घेणाऱ्या विद्यार्थ्याचा सबंध प्रयोग यामुळे वाया गेला असता आणि दोष आपल्या जोडणीत शोधत तो बसला असता. लेबल हे पाकिटाचे असते, पट्टे रेझिस्टरचे असतात. पाकीट उघडल्यावर प्रत्येक पट्टीतील एक नग आधी वाचावा, मग मीटरवर पडताळावा आणि नंतरच ते पाकीट डब्यात ठेवावे, असा नियम आम्ही प्रयोगशाळेत घालून दिला आहे.

मूल्यांची निवड हा दुसरा आक्षेप. रेझिस्टरची मूल्ये १०, २०, ३० अशी सरळ न जाता १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ अशी का जातात, असा प्रश्न पडणे योग्यच आहे. दहा टक्के टॉलरन्सचा माल असेल तर प्रत्येक मूल्याची खालची-वरची हद्द शेजारच्या मूल्याच्या हद्दीला भिडावी, म्हणजे मधे पोकळी राहू नये आणि विनाकारण गर्दीही होऊ नये, या हेतूने ही बारा मूल्ये साधारण १.२१ पटीच्या अंतराने बसवलेली आहेत. ४७ ची वरची हद्द ५१.७ आणि ५६ ची खालची हद्द ५०.४ : दोन्ही एकमेकींना जेमतेम ओलांडतात. पाच टक्क्यांसाठी प्रत्येक दोघांच्या मधे आणखी एक मूल्य घालून चोवीसांची मालिका होते. १९५२ साली या मालिकांना आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले आणि आजही जगभरचा माल त्याच आकड्यांत निघतो.

या हिशेबाने संच पाहिला तर त्यात २०० ओहमही आहे आणि २२० ही, ४७ किलोओहमही आहे आणि ५१ ही, ४७० ओहमही आहे आणि ५१० ही, ४.७ किलोओहमच्या जोडीला ५.१ ही. पाच टक्क्यांत ४७ किलोओहम ४९.३५ पर्यंत जाऊ शकतो आणि ५१ किलोओहम ४८.४५ पर्यंत खाली येऊ शकतो, म्हणजे ४९ किलोओहम भरणारा नग दोहोंपैकी कोणत्याही पाकिटातला असू शकतो. अशा जोड्यांवर पाकिटे खर्च केली आहेत आणि दुसरीकडे १ ते २ किलोओहमच्या दरम्यान काहीच नाही, १० ते २० च्या दरम्यान काहीच नाही, २० ते ४७ च्या दरम्यानही काही नाही. १.५, १५, २२ आणि ३३ किलोओहम ही मूल्ये शिकाऊ सर्किटमध्ये वरचेवर लागतात आणि ती चारही गायब आहेत. जोडून काम भागवता येते हे खरे : १ किलोओहम आणि ५१० ओहम एकसर जोडले की १.५१, १० आणि ५.१ मिळून १५.१, २० आणि २ मिळून २२, आणि ६८ किलोओहमचे दोन नग समांतर जोडले की ३४ किलोओहम. एकसर-समांतर जोडणीचा सराव म्हणून हे उत्तमही आहे. तरीही संच विकणाऱ्याने १२ मूल्यांची मालिका समोर ठेवून पाकिटे ठरवली असती तर त्याच किमतीत दुप्पट उपयोगी संच झाला असता, असे मला ठामपणे वाटते.

२ आणि २० किलोओहम ठेवल्याबद्दल मात्र विक्रेत्याचे कौतुक करायला हवे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डाचा संदेश ३.३ व्होल्टच्या बोर्डाला द्यायचा असतो तेव्हा १० आणि २० किलोओहमची जोडी लावली की २० किलोओहमच्या रेझिस्टरवर ३.३३ व्होल्ट मिळतात. हल्ली विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही गरज वारंवार येते. एलईडीसाठीही निवड पुरेशी आहे : ५ व्होल्टमधून लाल एलईडीचे सुमारे २ व्होल्ट वजा केले तर ३ उरतात, १० मिलिअँपिअरसाठी ३०० ओहम हवेत, आणि संचातला ३३० लावला तर ९ मिलिअँपिअर मिळून एलईडी व्यवस्थित उजळतो.

पायांबद्दल थोडे. रूढ पाव वॅटच्या रेझिस्टरचे पाय अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जाड असतात. या संचातले ०.४ मिलिमीटरच्या आसपास आहेत. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडण्याची छिद्रांची पाटी) नवा असेल तर चालून जाते, पण वापरून सैल झालेल्या ब्रेडबोर्डमध्ये ते नीट धरले जात नाहीत आणि आत ढकलताना वाकतात. चुंबकाला ते चटकन चिकटतात, म्हणजे गाभा लोखंडाचा आणि वरून मुलामा आहे. टोप्या तशाही लोखंडाच्या असतात, म्हणून चुंबक पायाच्या टोकाशी लावून पाहावा. रोधाच्या मानाने या फरकाला काही महत्त्व नाही. मात्र असे पाय वारंवार वाकवले की तुटतात आणि सोल्डर धरायला किंचित वेळ घेतात. रेझिस्टर कागदी पट्टीतून ओढून काढू नयेत. पायांच्या टोकांना चिकटपट्टीचा डिंक राहतो आणि तोच ब्रेडबोर्डच्या स्प्रिंगमध्ये जाऊन बसतो. पट्टीच्या आतल्या कडेशी कटरने कापून घ्यावेत.

किंमत अडीचशे रुपयांच्या आसपास पडली. त्याच पैशात, थोडे अधिक शोधले तर मेटल फिल्मचा एक टक्क्याचा निळा संचही मिळतो आणि निव्वळ सर्किट जोडणाऱ्याने तोच घ्यावा. पण ज्याला पट्टे वाचायला शिकायचे किंवा शिकवायचे आहे, त्याने चार पट्ट्यांचा कार्बन फिल्मच घ्यावा. तो घेताना विक्रेत्याने दिलेल्या छायाचित्रात १ आणि १० किलोओहमचे नग शोधून त्यांचे तिसरे पट्टे वेगळे दिसतात का ते पाहावे. दिसत नसतील तर दुसरा विक्रेता गाठावा. दुकानात जाऊन सुटे घेणाऱ्याने काउंटरवर ‘क्वार्टर वॅट, पाच टक्के, कार्बन’ एवढे सांगून बारा मूल्यांच्या मालिकेतले १०० ओहम ते १०० किलोओहमपर्यंतचे नग प्रत्येकी दहा घ्यावेत आणि शक्य असेल तर ते एकाच पट्टीतून कापून मागावेत.